रक्त माझं हाय, मला सांगा

प्रिय अक्का,

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. सगळी भावकी जेवून गेली. जाताना जो तो म्हणत होता, "बिचारीला देवानं लय छळलं." मी ताटं उचलत मान हलवत होते, पण मनाला पटत नव्हतं. बिचारी? तुम्ही? दवाखान्यात तुमच्याजवळ मी राहिले. तिथं तुम्ही कशा वागलात ते या लोकांनी पाहिलं नाही. ते लिहून ठेवावंसं वाटलं, आणि जाऊबाईंबद्दल जाऊबाईंनाच लिहावं, म्हणून हे पत्र.

आधी रागाचं बोलते. हिरड्यांतून रक्त येत होतं, मांड्यांवर निळे डाग उठत होते, आणि तुम्ही मात्र रोज कापूस वेचायला जात होतात. एकाच घरात राहून मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. का हो? शेवटी शेतातच चक्कर येऊन बसलात, तेव्हा कुठं सोनपेठच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट बघून त्यांनी परभणीला पाठवलं आणि परभणीवाल्यांनी थेट संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात.

तिथं भावजींनी डॉक्टरीणबाईंना दाराबाहेर गाठलं. "तिला कॅन्सरचं नका सांगू. हाय खाईल ती." दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही आतून हाक मारलीत, "इकडं या दोघं बी." भावजी मान खाली घालून आत आले. तुम्ही एवढंच विचारलंत, "रक्त माझं हाय का तुमचं? मग मला सांगा."

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, रक्तात कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात, त्या कामाच्या नाहीत. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट कमी झाल्यात, म्हणून डाग उठतात. हा रक्ताचा कॅन्सर दिसतोय, पण खात्रीसाठी कमरेच्या हाडातला मगज काढून तपासावा लागेल.

"रक्त तर दंडातनं बी निघतंय की. हाडात काऊन टोचायलात?"

"मावशी, रक्त तयार होतं ते हाडातल्या मगजात."

तुम्ही जरा विचार केलात. "म्हंजे बाजारात आलेली वांगी किडकी निघाली. आता मळ्यात जाऊन झाड बघायचंय."

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्या दिवसापासून त्या तुमच्याशी बोलताना काही झाकेनाशा झाल्या.

तपासणीच्या वेळी तुमचा हात माझ्या हातात होता. कुशीवर निजवून त्यांनी कंबर बधिर केली, मग जाड सुई घातली. मगज ओढताना तुम्ही माझी बोटं अशी आवळलीत की मीच कळवळले. सगळं झाल्यावर म्हणालात, "दाब लय पडला. एक कळ आली, गेली."

त्याच मगजातून मग आणखी तपासण्या झाल्या. रोग कोणत्या जातीचा, पेशीच्या आत काय बिघडलंय, कोणतं औषध लागू पडेल. नावं आपल्याला पाठ झाली नाहीत. पण प्रत्येक वेळी तुम्ही विचारायचात, "हिच्यानं काय कळंल? आन् कळल्यावर तुमी काय करणार?" पुढं पुढं तर नर्स रक्त घ्यायला आली की आधी तेच सांगायची आणि मगच सुई काढायची.

औषधं सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या की रिपोर्ट बघून मी घाबरले. तुम्हीच मला समजावलंत, "अगं सुनंदा, हे औषध वाईटासंगं चांगल्या पेशी बी मारतंय. खाली जाणारच. आता वर कवा येतात ते बघायचं." आल्या वर. पुन्हा मगज तपासला, तेव्हा त्यात रोग दिसला नाही. भावजी जिन्यात जाऊन रडले. तुम्हाला ते कधी कळलं का?

रुक्मिणी भेटली ती त्याच दिवसांत. जिंतूरकडची, तरणीताठी. तपासणीच्या खोलीबाहेर बाकड्यावर रडत बसली होती. तपासणी तिच्या नवऱ्याची, दत्ताची होती, आणि तो पिशवी घेऊन घरी निघाला होता, कारण गावात कुणीतरी सांगितलं होतं की हाडातलं काढलं की माणूस लुळा पडतो. तुम्ही सलाइनचा हात सावरत उठलात, त्याच्यासमोरून दारापर्यंत चालत गेलात आणि परत आलात.

"माझं दोनदा काढलंय. बघ माझी चाल."

तो तुमच्या पायांकडं बघत राहिला, पण पिशवी हातातच होती.

"दुखतंय, खोटं न्हाई सांगत. पण रोग कोणता ते कळल्याबिगर औषध कशाचं देतील रे बाबा?"

तो थांबला. त्याचा रोग निराळा निघाला, हळू वाढणारा, रोजच्या गोळीवर आटोक्यात राहणारा. महिनाभरात तो आपल्या शेतात उभा होता. रुक्मिणीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी तुम्हाला विचारलं, "तुमचा रोग गोळीवाला नाही निघाला, याचं वाईट नाही वाटत?"

"वाटलं की. घडीभर. मग तिचं बाकड्यावरचं तोंड आठवलं."

तुमचा रोग सात-आठ महिन्यांनी उलटला. साध्या रक्तातच कच्च्या पेशी दिसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हवं तर पुन्हा मगज तपासू. तुम्ही विचारलंत, "तपासून औषध बदलणार हाय का?" त्यांनी खरं सांगितलं. यापुढचं जहाल औषध तुमच्या शरीराला पेलणार नव्हतं. रोग किती पसरलाय, तेवढंच कळलं असतं.

"मग नका टोचू," तुम्ही म्हणालात. "पण साधं रक्त बघत जावा. कमी झालं की चढवता येतं, दम लागत न्हाई." मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला. कोणती तपासणी करायची हे तुम्हाला कळत होतं, आणि कोणती सोडायची हेही.

परभणीला रक्त चढवून आलं की तुम्हाला चार दिवस बरे जायचे. त्यातच तुम्ही भावाच्या जीपमधून माहेरी, ताडकळसला जाऊन आलात. सोयाबीनची रास पाहिलीत, नातीची वेणी घातलीत. एका सकाळी भावजींनी पाजलेला चहा घेतलात आणि त्यांच्याच मांडीवर गेलात. त्यांना काही लपवावं लागलं नाही, तुम्हालाही नाही. मागं राहिलेल्या आम्हाला त्याचा केवढा आधार झाला!

अक्का, काल रुक्मिणीचा फोन आला. दत्तानं गोळ्या सोडल्यात. म्हणतो, मी ठणठणीत आहे, तपासणीला कशाला जाऊ? दोन खेपा चुकवल्या त्यानं. बरं वाटणं वेगळं आणि रोग आटोक्यात असणं वेगळं, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, हे त्याला आता कोण सांगणार?

मी सांगणार आहे. रविवारी जिंतूरची एसटी धरते. तुमच्यासारखं बोलणं मला जमणार नाही. पण तो तपासणीला निघेपर्यंत मी त्यांच्या दारातून उठणार नाही, एवढा शब्द देते.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा