सरद, वायंगण आणि सदाशिव

१२ मे, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. कारण एकच. सूड.

काल देवळाच्या सभागृहात हंगामाची बैठक झाली. वास्कोत बंदरावरच्या स्टोअर्समध्ये चौतीस वर्षं काढून मी गेल्या वर्षी लाटंबार्सेत परतलो. गावाला काहीतरी द्यावं म्हणून पिकांचा चार्ट केला होता. ए-थ्री, लॅमिनेटेड, तीन रंगांत. उभा राहून शांतपणे समजावून सांगितलं की, पावसाळी भात म्हणजे सरद, जून ते ऑक्टोबर. त्यानंतर थंडीत त्याच जमिनीत वायंगण, म्हणजे अळसांदे (आपली मोठी चवळी), मिरची, भाजी. मार्चमध्ये डोंगरावर काजू. लोक ऐकत होते.

मग सदाशिव गावस उठला. माझ्या शेताला लागून त्याचं शेत, मधे एकच मेर, म्हणजे बांध. म्हणाला, "चार्ट बरो आसा, जयराम. पण शेतात भात खंयचा आणि गवत खंयचा, तां तुका वळखूक येता काय?"

सगळे हसले. बायकांच्या रांगेत माझी बायको पद्माही हसली. तोंडाला पदर लावला, पण खांदे हलताना मला दिसले.

ठराव: या वर्षी दोन्ही हंगामांत सदाशिवला धूळ चारणे. शांतपणे. शास्त्रीय पद्धतीने.

२४ मे
चार्टप्रमाणे तरवा, म्हणजे लावणीसाठीची रोपं, पेरायची तारीख ५ जून. सदाशिवही तेव्हाच पेरणार. म्हणून मी आजच पेरला. बारा दिवसांची आघाडी. काल संध्याकाळी एक सर येऊन गेली, जमीन ओली आहे. पद्मा म्हणाली, अजून ऊन आहे हो. तिला प्री-मॉन्सून ही कल्पना समजावली. ती आत गेली.

१ जून
रोपं वर आली. हिरवीगार. सदाशिवने अजून नांगरही काढलेला नाही. मेरेवर उभा राहून माझ्या वाफ्याकडे बघत होता. जळतो.

९ जून
आठ दिवस पाऊस नाही. बालदीने पाणी घालतोय. कंबर गेली. जी रोपं होती त्यातली निम्मी पारव्यांनी खाल्ली, उरलेली पिवळी पडली.
नियोजनात चूक नाही. पाऊस लेट.

४ जुलै
लावणी. माझ्या तरव्याचं जे झालं ते झालं. पद्मा मला न विचारता सदाशिवच्या बायकोकडे, जानकीवहिनीकडे गेली आणि रोपांच्या चाळीस जुड्या मागून आली. सदाशिवने स्वतः डोक्यावरून आणून दिल्या. ज्योती भात. म्हणाला, "माझ्याकडे उरलोच आसा."
शत्रूचा साठा चाळीस जुड्यांनी घटला. त्याच्या लक्षातही आलं नाही.

११ जुलै
मोठा दिवस. माझं शेत वर, त्याचं खाली. माझ्याकडचं पाणी मेरेतल्या खाचेतून त्याच्याकडे जातं. सकाळी माझ्या शेतात भरपूर युरिया टाकला आणि खाच दगडमातीने पक्की बुजवली. आता बस कोरडा.
पद्मा म्हणाली, जुलैत गोव्यात कोणाचं शेत कोरडं पडतं? ही बाई आधीपासूनच निगेटिव्ह.

१३ जुलै
दुपारी दोनला मेर फुटली. तीन हात रुंद भगदाड. माझं सगळं पाणी युरियासकट सदाशिवच्या शेतात गेलं.
तो जेवण अर्धं टाकून फावडं घेऊन आला. म्हणाला, "तू वरून धर, मी खालून धरतंय." संध्याकाळपर्यंत चिखलात दोघं. हाताला फोड आलेत. मेर का फुटली, त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गुप्तता राखली.

१० ऑगस्ट
सदाशिवचं भात काळंभोर हिरवं दिसतंय. युरिया कोणाचा, हे मला माहीत आहे. माझं भात मध्यम. पण पूर्वेच्या कोपऱ्यातली रोपं सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. जोमदार. त्यांना जास्तीचं शेणखत घातलं. रोज सकाळी आधी तिथेच जातो. मन प्रसन्न होतं.

२१ ऑगस्ट
कृषी कार्यालयातून सोनाली नावाची मुलगी आली. मीच अर्ज केला होता: शेजारच्या शेतात कीड असल्याचा दाट संशय. सदाशिवचं शेत तिने तीनदा फिरून पाहिलं. कीड नाही. पीक इतकं छान की पुढच्या महिन्यात शेतकऱ्यांचा मेळावा इथेच घेऊया, म्हणाली. शेजाऱ्याचं चांगलं पीक दाखवायला अर्ज करणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला म्हणे. माझा नंबर घेतला.

मग मी तिला माझा पूर्वेचा कोपरा दाखवला. तिने एक रोप उपटलं. पान खोडाला मिळतं तिथे भाताला बारीक पापुद्रा असतो, याला नाही, बघा काका. हे गवत आहे. हुबेहूब भातासारखं दिसतं, फसायला होतं.

अख्खा कोपरा गवत.

सदाशिव तिथेच उभा होता. हसला नाही. खाली वाकून गवत उपटायला लागला. हसला असता तर परवडलं असतं. हे मी विसरणार नाही.

७ सप्टेंबर, चवथ
ठराव: सदाशिवच्या गणपतीला जायचं नाही. पद्माने एकटीने जावं.

७ सप्टेंबर, दुपारी
गेलो. पद्माने नवं धोतर काढून ठेवलं होतं, ते फुकट गेलं असतं. सदाशिवची माटोळी, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट, भारी. त्यात माझ्या परसातलं तोरिंगण, पपनसासारखं फळ, टांगलेलं होतं, पद्माने परस्पर दिलेलं. सात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाल्ल्या. शत्रूचं जितकं संपेल तितकं बरं. जानकीवहिनीने आणखी पाच डब्यात भरून दिल्या.

२८ सप्टेंबर
मोर उतरायला लागलेत. पिकलेल्या लोंब्या ओरबाडतात. बुजगावणं केलं. माझ्या कल्पकतेची कमाल म्हणजे त्याला सदाशिव केलं. तसलाच निळा फाटका रेनकोट, लाल टोपी, पोटाला पेंढ्याचा पुढे आलेला गोळा. रोज सकाळी सहा ढेकळं मारतो. पहिल्यांदाच बीपी नॉर्मल आलं.

१ ऑक्टोबर
सदाशिवने बुजगावणं पाहिलं. जानकीवहिनीला हाका मारून बोलावलं. बुजगावण्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला. "मी नाय तेव्हा माझी राखण करता," म्हणाला. व्हॉट्सॲपवर डीपी ठेवलाय.
मोर बुजगावण्याच्या खांद्यावर बसतात.

१८ ऑक्टोबर
कापणी. ढग भरून आले होते. कापणीचं मशीन गावात एकच. ते आधी सदाशिवकडे आलं. त्याने अर्धं शेत झाल्यावर मशीन माझ्याकडे पाठवलं. म्हणाला, "तुझा आडवा पडला हा, आधी तुझा काढून घेवया." माझं भात खळ्यावर आलं आणि पाऊस कोसळला. त्याचं अर्धं भिजलं. तरीही त्याची बावीस पोती, माझी नऊ.
हे पहिल्या हंगामाचं. खरी लढाई वायंगणात.

२ डिसेंबर
अळसांदे टोकले. भात निघालेल्या जमिनीतली ओल धरून. सदाशिवने काल टोकले, मी आज. योगायोग. पलीकडच्या चार वाफ्यांत मिरची. तीही दोघांची.
मुलगी तनया पणजीहून आली होती. म्हणाली, बाबा, तुम्ही दिवसभर सदाशिवकाकांकडेच बघत असता. मी म्हटलं, याला सर्व्हेलन्स म्हणतात.

८ जानेवारी
बातमी! सकाळी पाट वळवताना सदाशिव घसरला. गुडघा. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. ऑपरेशन करणार. मग दोन-तीन महिने कणकवलीला मुलीकडे, सायलीकडे. जानकीवहिनीही सोबत.
मैदान मोकळं. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, दोन उंडे पाव जास्त घेतले. पद्मा म्हणाली, कशाला? मी म्हटलं, भूक लागली आहे. एकच खाल्ला गेला.

१२ जानेवारी
अळसांद्यांना पाणी द्यायला गेलो. किती द्यायचं? कधी? चार्ट पाहिला. त्यात लिहिलंय: 'पाणी आवश्यकतेनुसार'. हे कोणी लिहिलं? मीच.
गेले आठ महिने त्याने पाट सोडला की मी सोडायचो. त्याने भर घातली की मी घालायचो. हे शत्रूवर लक्ष ठेवणं होतं. शिकणं नव्हे. फरक आहे.
आज अंदाजाने सोडलं. वाफ्याचं तळं झालं.

१५ जानेवारी
सदाशिवचे अळसांदे माना टाकून आहेत. दुपारी बघून आलो.
विचार केला. वाळले तर गाव काय म्हणेल? बिचारा सदाशिव, आजारी पडला नसता तर जिंकला असता. म्हणजे सहानुभूतीवर तो कायमचा जिंकणार. हे चालू द्यायचं नाही. तेव्हा त्याच्या शेताला पाणी सोडलं. निव्वळ डावपेच.
पद्मा मेरेवर उभी होती. घरी चहात आलं घातलं होतं.

२९ जानेवारी
दोन्हीकडे मावा पडलाय. काळे ठिपके, पानं चिकट. गुडघ्याची चौकशी करायच्या निमित्ताने कणकवलीला फोन लावला. गुडघ्याबद्दल अर्धा मिनिट, माव्याबद्दल वीस मिनिटं. म्हणाला, "सकाळी दंव आसताना चुलीची राख मार. पानाच्या खालसून." चूल आमच्याकडे नाही. तीन घरं फिरून राख जमवली.
आधी त्याच्या शेतात मारली. काही उलटं झालं तर त्याचं होऊ दे.

२२ फेब्रुवारी
शेंगा वाळल्या. त्याच्या शेतातून तीन टोपल्या अळसांदे, माझ्यातून एक. त्याच्या तिन्ही टोपल्या मीच तोडल्या, मीच सोलल्या. पोतं शिवून कणकवलीच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलं. वर नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात, म्हणजे हरवू नये.
पद्माने विचारलं, सुडाचं कुठवर आलं? तिला रोजनिशीबद्दल कसं कळलं, कळत नाही.

१८ एप्रिल
सदाशिव आला. काठी टेकत. बरोबर सायली. घर आवरायला. डॉक्टरने सांगितलंय, चिखलात पाय घालायचा नाही, यापुढे कधीच. तो आणि जानकीवहिनी आता कणकवलीलाच राहणार.

त्याला शेतात यायचं होतं. मी धरून नेलं. आम्ही मेरेवर बसलो. त्याने शेंगांचे वाळलेले वेल बोटाने चाचपले. मग म्हणाला, "जयराम, माझा शेत तूच कर. पडीक सोडू नको. माझ्या बापाशीन कधी पडीक सोडूक नाय." मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, "बघतंय नाय. कर." मी म्हटलं, करतो.

शत्रूने स्वतःच्या हाताने जमीन सोपवली. संपूर्ण शरणागती. विजय.

जेवलो नाही. उकाडा फार आहे.

११ मे
त्यांच्या घराला कुलूप. खिडक्या बंद. सकाळी शेतावर गेलो. दोन्ही शेतं माझ्याकडे. मेरेवर उभा राहिलो. पलीकडे बघण्यासारखं काही नाही.
नवा शत्रू शोधावा का? वरच्या अंगाला बाबुराव आहे. पण त्याच्यात दम नाही. गेली पाच वर्षं त्याने नुसता काजू लावलाय. काजूवाल्याशी काय भांडणार?

७ जून, सकाळी ७
साडेसहाला व्हिडिओ कॉल. सदाशिव. कणकवलीच्या बाल्कनीत खुर्चीवर. "मोबाईल फिरव. डावीकडे. अजून. थांब!" तरव्याचा वाफा बघून म्हणाला, दाट पेरला आहेस, बी सडेल, मोड आणि परत कर. मी त्याला ठणकावून सांगणार होतो की शेत आता मी बघतो.
मोडला. परत पेरला.

२० जून
रोज साडेसहा. आता मी आधीच चार्ज करून, छत्री धरून मेरेवर उभा असतो. दोन्ही शेतं दाखवायची, आधी त्याचं. पाणी किती, रोपं किती पानांवर, कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, मेर पोखरली का. मी सगळं सांगतो. तो नेमका चुका काढतो. चार्ट पद्माने कपाटाच्या फळीवर अंथरलाय. पाणी लागत नाही, पुसायला बरा.

५ जुलै
लावणी उद्यावर आली आहे. माणसं सांगून ठेवली आहेत. साडेसहाला मेरेवर होतो. फोन आला नाही. पावणेसात. रेंज बघितली, चार काड्या. पद्मा खालून म्हणाली, झोपले असतील हो, वय झालंय. सात वाजले. पाऊस तिरका येत होता.

मीच लावला. बऱ्याच रिंग गेल्या. उचलला. आवाज झोपेतला. "काय झाला रे?"

मी म्हटलं, काही नाही. पाऊस आहे. तो म्हणाला, हयही आसा. फोन ठेवायचा कोणी, कळेना.

शेवटी मी विचारलं, दादा, आज काय करू?