वॉर्साचे अठरा विभाग आणि माझी मागची खोली

जलीब, कुवेत
२७ डिसेंबर २००२

ती. पुंडलिकमामांना शंकरचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? मामींनी तेल चोळणे सोडले असेल, तर पुन्हा सुरू करावे. मी ठीक आहे. खोलीत आम्ही सातजण आहोत आणि माझी जागा खिडकीकडची आहे (खिडकी उघडत नाही).

पंधरा तारखेला, घराच्या वाटणीला, मी सिन्नरला का पोहोचलो नाही, हे आपल्याला सविस्तर कळावे. दोष पोलंड देशाचा आहे.

आमच्या कंपनीत पोलिश इंजिनिअर आहेत. दर नाताळाला कंपनी त्यांच्या घरी खजुराचे डबे पाठवते आणि पत्ते लिहायचे काम माझ्याकडे असते, कारण माझ्या हातून अक्षर चुकत नाही (बारावीला मी गणितात नापास झालो, इंग्रजीत नव्हे, हे आपल्याला ठाऊक आहेच). आता कुवेतमध्ये पत्ता म्हणजे आधी भाग, मग ब्लॉक, मग रस्ता, मग घर. ब्लॉक सांगितला नाही, तर गॅसचा सिलिंडरसुद्धा येत नाही. आणि या लोकांनी मला दिले काय, तर रस्ता, घर, शहर आणि पाच आकडी कोड. मला वाटले, आळस. म्हणून एकेकाला गाठून विचारले, की तुमचे घर शहराच्या कोणत्या विभागात येते. क्राकूवची माणसे बरी. त्यांचे विभाग अठरा आणि त्यांना रोमन आकडे दिलेले. घोटाळा राजधानीचा, वॉर्साचा. तिथे अकरा नगरपालिका होत्या, त्यांतल्या मधल्या एकीच्या पोटात आणखी सात विभाग, आणि या ऑक्टोबरात नवा कायदा लागू होऊन सगळ्यांचे मिळून एकच शहर झाले, विभाग अठरा. एकाने मलाच विचारले, जुना सांगू की नवा? दुसरा म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. मी नकाशा मागवला आणि तो येईपर्यंत बेचाळीस डबे अर्दिया भागातल्या आमच्या गोदामात थांबवून ठेवले.

दहा तारखेला आमचे मॅनेजर मुस्तफासाहेब (इजिप्तचे, पण हिंदी मामींपेक्षा स्वच्छ) गोदामात आले. म्हणाले, "शंकरभाई, पोलंड का बँटवारा तुम कर रहे हो?" शेजारी एक इंजिनिअर उभा होता. तो म्हणाला, "पोस्टमन कोड बघतो. मी जन्मात पाकिटावर विभाग लिहिलेला नाही." मुस्तफासाहेब म्हणाले, "छुट्टी खलास. पहले डिब्बा भेजो." पासपोर्ट त्यांच्याच कपाटात असतो, त्यामुळे मी वाद घातला नाही. पंधरा तारखेला सकाळी मी लेबलांवरचे विभाग खोडत होतो. डबे नाताळ झाल्यावर पोहोचतील.

मामींना व मुलांना नमस्कार-आशीर्वाद.

आपला,
शंकर

ता. क. काल आईशी फोनवर बोललो. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर दादाला, मागची खोली मला. आणि तिचे दार दादाच्या स्वयंपाकघरात उघडते. कागदावर साक्षीदार म्हणून आपली सही आहे, असेही आई म्हणाली. गुडघा दुखत असताना आपण एवढे चालत गेलात, याचे वाईट वाटले.

ता. क. २. मागच्या भिंतीत मला एक दार पाडू द्यावे, एवढे दादाला सांगावे. साक्षीदाराचे तो ऐकेल. वॉर्साचा नकाशा अखेर परवा आला. अठराही विभाग मी बोट ठेवून तपासले. एकातही जाण्यासाठी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून वाट काढावी लागत नाही.