टेम्पोच्या नावापुढची कोरी जागा

आई ऑपरेशनला चालली म्हणून तिचं डोकं फिरलं, असं माझा मुलगा राधेश्याम पारावर बसून सांगतो. म्हणून आधी तेच लिहिते. मी सगुणाबाई पुंजाराम गाढे, वय ५१, शिक्षण चौथी, राहणार धावडा, तालुका भोकरदन. गाठ माझ्या पोटात आहे, डोक्यात नाही. डोकं बराबर आहे. कोणी धाक घातलेला नाही. हे मी माझ्या हाताने लिहिते आणि माझ्या मागे हेच चालावं.

एक. माझ्या नावावरच्या दोन खोल्या राधेश्यामला. भांडी सुनेला. पितळी घागर माझी बहीण कांताबाई हिला. वीस वर्षं मागून राह्यली, आता गप बसेल.

दोन. निंदणी-वेचणीची टोळी. चौदा बायांची ही टोळी मी सतरा वर्षं चालवली. राधेश्याम म्हणतो, "तुझ्या मागं टोळी माझीच." बाया काही शेळ्या नाहीत वारसाला लिहून द्यायला. माझा मोबाईल, ज्यात सगळ्या शेतकऱ्यांचे नंबर आहेत, तो टोळीतल्याच शालू कडूबा हिला द्यावा. पुढचं बायांनी ठरवावं.

मागच्या वर्षी आषाढात हसनाबादच्या रस्त्याला आमचा टेम्पो नालीत उलटला. बाकीच्या खरचटून उठल्या, शालूच्या मांडीत रॉड टाकावा लागला. तिला खाली बसून खुरपता येत नाही. तरी चार महिन्यांनी काठी घेऊन बांधावर आली. आता शेतकऱ्याशी तीच बोलते. "मालक, बायांना पाणी न् सावली कुठंय ते आधी दाखवा, मंग कापूस दाखवा." तिच्या वाट्याची पात, म्हणजे खुरपायची ओळ, शेजारच्या दोघी अर्धी अर्धी काढतात. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. राधेश्याम म्हणाला, "टोळी काय धर्मशाळा हाय का?" शालू म्हणाली, "हाय ना भाऊ. तू न्हाई का फुकट जेवून राह्यला?"

तीन. टेम्पो. ब्रेक फेल झाला असं मी गावभर सांगितलं, पोलिसांनाही तेच लिहून दिलं. ते खोटं आहे. ब्रेक चांगला होता. राधेश्याम फोनवर बोलत गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसले होते. उद्याचं काम पक्कं कर म्हणून फोन मीच लावायला सांगितला होता. ही माझी चूक. शालूच्या दारात जाऊन मी ती कबूल केली, मग सगळ्या बायांपुढे. सहा महिने एकही बाई टेम्पोत चढली नाही. मीही त्यांच्याबरोबर पायी गेले. माफ केलं का, हे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, एवढंच मला माहीत.

राधेश्याम अजून ब्रेकच सांगतो. वर म्हणतो, शालूनेच नीट धरून बसायचं होतं. म्हणून टेम्पोच्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे. टोळीपुढे त्याने खरं सांगितलं तर तिथे त्याचं नाव. नाहीतर शालूचं.

चार. माझ्या दहाव्याला त्याचे पारावरचे दोस्त जेवायला नकोत. त्या दिवशी काम धरलेलं असेल तर बायांनी आधी ते उरकावं.

साक्षीदार: नंदाबाई (अंगठा), शिवकन्या (सही). शालूचं नाव या कागदात घेणाऱ्यांत आहे म्हणून तिची साक्ष घेतली नाही.
लिहून देणार: सगुणाबाई पुंजाराम गाढे
धावडा, बुधवार, १० सप्टेंबर २०२५

राधेश्याम, सोमवारी मी हा कागद नोंदवायला भोकरदनला जाणार आहे. त्याआधी रविवारी, १४ तारखेला, दुपारी बाया भाकरीला बसल्या की वावरात ये. शालूपुढे उभा राहा आणि सांग, फोन होता का ब्रेक?