चाक कुणाला द्यायचं

रिहे, ता. मुळशी
१८ जानेवारी २००९

प्रिय निषाद,

सप्रेम नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. अक्षर लागत नसलं तर सांभाळून घे. आबा बरे आहेत, आईचा खोकला गेला. यंदा वाल चांगला धरलाय.

बातमी ही की माझा सायकलचा वेग बघून मलेशियातल्या एका संघाने मला ट्रायथलॉनसाठी, म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, पगारी खेळाडू म्हणून घेतलंय. येत्या रविवारी निघतो, दोन वर्षांसाठी. जायच्या आधी तुझ्याशी एकदा बोलणं व्हावं, एवढंच मनात आहे.

पोहण्याची मात्र बोंब आहे. आपण विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली माणसं. साप फिरतात, म्हणून मान कायम वर. पुण्यात शिकवणाऱ्या नलिनी मॅडम काठावरून ओरडतात, "कैलास, मान पाण्यात घाल! बदकासारखा काय पोहतोस?" आता घालतो. पण पाण्याखाली काहीच ऐकू येत नाही आणि मला ते आवडत नाही.

आई म्हणते, "पवतूस, सायकल दामटतूस, वर आनि पळतूस. कोन मागं लागलंय रं तुज्या?" ताम्हिणीपर्यंत जाऊन येतो, पण दिवसभरात कुणाशी धड बोलणं होत नाही.

मागच्या महिन्यात चेन्नईला पहिली शर्यत झाली. पाण्यातून निघालो तेव्हा जवळजवळ शेवटचा होतो. सायकलवर बसल्यावर मात्र एकेकाला गाठत गेलो. या खेळात कुणाचं चाक धरायचं नाही, पुढच्याच्या आडोशाला गेलं की दंड. हे मला पाठ होतं. पण समुद्राचा वारा तोंडावर आला, एकाला मागे टाकलं आणि सवयीने कोपर हलवलं. ये पुढे, आता तुझी पाळी. तो आला नाही, तर मीच बाजूला होऊन त्याच्या मागे लागलो! पंचांनी शिट्टी मारून मला रस्त्याकडेला उभं केलं. तिथे मला रडू फुटलं. त्यांना वाटलं दंडामुळे, त्यांनी पाणी दिलं. दंडाचं मला काहीच वाटलं नव्हतं.

निषाद, दिवाळीनंतर हिंजवडीच्या चौकात तू मला दिसला होतास. कंपनीच्या गाडीत, खिडकीशी. ट्रॅफिक तुंबलेलं, मी सायकल लावून काचेवर टकटक केली. तू डोळे मिटून घेतलेस. अरे, झोपलेला माणूस मांडीवरची बॅग इतकी घट्ट धरतो का? इतकी वर्षं शर्यतीत तू माझ्या मागे, माझ्या आडोशाला सायकल चालवलीस. तुझ्या श्वासावरून मी ओळखायचो, तू खरा दमलास की नाटक करतोयस. त्या दिवशी फार राग आला. घरी येईपर्यंत तो गेला, मग नुसतं वाईट वाटत राहिलं.

आपल्या सायकल संघाचे बंडोपंत सर भेटले होते. म्हणाले, तू म्हणतोस, "माझा गुडघा गेला आणि कैलास स्वतःच्या नावासाठी संघ सोडून गेला."

तसं नाही रे. तुझ्या ऑपरेशननंतर सरांनी तुझ्या जागी ऋषिकेशला घेतलं आणि मला त्याच्या पुढे लावलं, वारा फोडायला. भोरच्या शर्यतीत शेवटचा चढ संपला, तो माझ्या चाकाला चिकटून होता, आता वेग वाढवायचा आणि शेवटच्या रेषेजवळ बाजूला होऊन त्याला पुढे सोडायचं. पाय चालेनात. दमलो नव्हतो. मागचा श्वास तुझा नव्हता. ऋषिकेश हरला, सर मला काय काय बोलले. मी कुणालाच कारण सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्याशिवाय दुसऱ्याला चाक देववेना. म्हणून जिथे चाक देताच येत नाही, तो खेळ धरला.

हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तोंडावर असलं काही बोलता येत नाही आपल्याला.

शनिवारी दुपारी सायकल खोलून खोक्यात भरायची आहे. हे काम आपण कायम दोघांनी केलं, एकाने धरायची, दुसऱ्याने पेडल सैल करायचं. आबा म्हणाले, "मी धरतो की." मी नको म्हटलं. तू नाही आलास तर एकट्याने भरीन, जमेल तसं. पण अंधार पडेपर्यंत तिला हात लावणार नाही.

तुझ्यावाचून पुढे निघालेला,
कैलास