तिवड्याभोवतीचा बास्केटबॉल

६ एप्रिल १९३५. चकलांबा. सकाळ.
काल पोचलो. परवाच पाडवा झाला. नव्या वर्षाला नवा धंदा: आजपासून बद्रीनाथ खेळाडू नाही, कोच.
मेंढरांमागून उठून हैदराबादला गेलो, पलटणीच्या बास्केटबॉल टीममध्ये शिरलो, आणि नुसता खेळायचा पगार घेतला. कुणाच्या वशिल्याने नाही. गुडघा कुरकुरायला लागला म्हणून सुभेदारसाहेबांनी रजा दिली. रजाच. काढून टाकलं असं गावात कुणीतरी उठवलंय. निघताना साहेब म्हणाले, जिल्ह्यात टीम उभी करून दाखव, मग उस्तादाच्या, म्हणजे टीमच्या कोचच्या, जागेचं बघू. मोठी माणसं पक्कं असंच सांगतात.
ठराव: पेरणीच्या आत टीम तयार, पाऊस पडायच्या आत हैदराबाद. तोवर थोरल्या बहिणीकडे, रतनअक्काकडे मुक्काम. अक्का म्हणाली, ट्रंक सोड, कपडे खुंटीला लाव. लावले नाहीत. खुंटीला कपडे लावणारा माणूस राहायला आलेला असतो.

८ एप्रिल.
मैदान नाही. काळ्या रानाला भेगा पडल्यात. चेंडू टाकला की उसळत नाही, मुरतो. गावात टणक, सपाट, सारवलेली जागा एकच: अर्जुनराव पाटलांचं खळं. मळणी उरकलीय. जाऊन मागितलं. म्हणाले, घ्या की बद्रीनाथराव. मला राव म्हणाले.
दोन अटी. खळ्यात पायताण घालायचं नाही. आणि मधला तिवडा, म्हणजे मळणीची बैलं ज्या खांबाभोवती फिरतात तो, उपटायचा नाही. मान्य. कॅनव्हासचे बूट ट्रंकेतच राहिले.

११ एप्रिल.
प्रॅक्टिस सुरू. जुन्या मोटेचं लोखंडी कडं तिवड्यालाच ठोकलं. हैदराबादेत दोन टोकांना दोन बास्केटं असतात. इथे दोन्ही टीमला मिळून एक, मधोमध. सुटसुटीत.
अडचण एकच. सगळे गडी तिवड्याभोवती एकाच बाजूने पळतात. उलटं वळा म्हटलं तर सटवा म्हणाला, खळ्यात उलटं फिरत नसतात. सटवा पाटलांचा जुना गडी, तोंडाने फाटका. मी म्हटलं, ती बैलांची सवय, माणसांना कशाला? म्हणाला, "बैलांच्या मागं कोन फिरतंय मग? आमीच की."
फिरू देत. टीमला एक लय आली आहे.

१३ एप्रिल.
आज पहिली मॅच. चेंडू कड्यात पडला की एक म्हणायचं, हे दहादा सांगितलं. खळ्यात धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. म्हणून पहिल्या गोलला सगळे मिळून लाभ म्हणाले. मग दोन, तीन, चार, दोन्ही टीमचे एकाच राशीत. शेवटी विचारलं, जिंकलं कोण? गडी एकमेकांकडे बघायला लागले. सटवा म्हणाला, पाटील. रास त्यांचीच असते.
डिसिप्लिन आहे, हिशेब तेवढा सुधारायचा.

१७ एप्रिल. दुपार.
हिरा सापडला. म्हाळू. पाटलांची मेंढरं राखतो, वेळेला औतही धरतो. पंचविशीचा, दोन लेकरांचा बाप, आणि उंच इतका की बाभळीच्या शेंगा काठीशिवाय ओरबाडतो. चेंडू दिला. उडी न मारता कड्यात टाकला, वर विचारतो कसा, "एवढंच हाय का बे हे?" वस्तादाला बे. सोडून दिलं.
हैदराबादला येतोस का विचारलं. त्याने चेंडू हातात फिरवून बघितला. मग म्हणाला, "मांजरसुंब्याच्या फुडं रस्ता हाय, हेच मला अजून कुनी सांगितलं न्हाई."
पण तो पाटलांचा सालगडी. संध्याकाळपर्यंत सुटका नाही.

१९ एप्रिल.
पाटलांना म्हटलं, म्हाळूला दुपारनंतर माझ्याकडे सोडा. ते म्हणाले, त्याने पाडव्याला विडा उचललाय. पुढच्या पाडव्यापर्यंत तो या घरचा. त्याचं काम खोळंबलं तर भरून कोण देणार? मी म्हटलं, मी देतो. कोचने जबाबदारी घ्यावी लागते.
पाटलांनी लगेच तबक मागवलं आणि माझ्यापुढेही विडा धरला. चार माणसांदेखत उचलला. हैदराबादेत सात वर्षांत कुणी साधी सुपारी दिली नाही. ओट्याखाली दोघे कुजबुजले. माझे कान तिखट आहेत. एक म्हणाला, घावला. खरंच आहे, गावाला वस्ताद घावला.
अक्काने ऐकलं आणि भाकरी थापायची थांबली. विडा कशाचा ते इचारलंस का, म्हणाली. खेळातलं तिला काय कळणार. कपडे मात्र आज खुंटीला लावले. ट्रंकेला वाळवी लागत होती.

२६ एप्रिल.
चेंडूत बाभळीचा काटा गेला. हवा संपली. सटवाने त्यात कापूस ठासून तोंड शिवून दिलं. आता उसळत नाही. एका अर्थी बरंच. जमिनीवर आपटत बसायची वाईट खोड जाईल, पासिंग सुधारेल.

४ मे.
उडी कशी मारायची ते स्वतः करून दाखवलं. गुडघ्यातून आवाज आला, तो बाकीच्यांनीही ऐकला. पडलो. पडल्यावर इजा न होता कसं पडून राहायचं, तेही ओघात दाखवून झालं. पुढची प्रॅक्टिस म्हाळूने घेतली. शिष्य तयार होतोय.
म्हाळू खळ्यात असतो तेव्हा मेंढरांना पाण्यावर कुणी न्यायचं, असा प्रश्न निघाला. पाटील म्हणाले, तुम्हीच न्या. जबाबदार माणूस हेरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. चालण्याने गुडघाही मोकळा होईल.

१६ मे.
सुभेदारसाहेब भरतीसाठी बीडला आलेत. मी निरोप धाडला होता. येतो म्हणाले. अक्काला सांगितलं, आता थोडेच दिवस. तिने विचारलं, सकाळी गोठ्यात कोण जातं आजकाल? म्हाळूला सकाळीही प्रॅक्टिस लागते, म्हणून मी जातो. खेळाच्या हितासाठी.

२८ मे. संध्याकाळ.
साहेब आले. पाटलांनी बाज टाकली, चहा दिला. अख्खं गाव जमलं. मी शिट्टी मारली. गडी तिवड्याभोवती फिरायला लागले, अनवाणी, एकाच बाजूने. पहिला गोल. सगळं गाव म्हणालं, लाभ.
साहेबांची मान थोडा वेळ खेळाबरोबर फिरली. मग त्यांनी डोळे मिटले आणि खेळ थांबवायला सांगितलं. नवी सिस्टीम पचायला वेळ लागतो.
मग एकट्या म्हाळूला उभं केलं. लांबून, जवळून, पाठमोरा. तो कापसाचा गोळा दरवेळी कड्यात. साहेब उठले, आपल्या छडीने त्याची उंची मापली आणि मला म्हणाले, "बद्री, ऐसा आदमी कहाँ छुपा के रखा था?"
माझ्या तालमीचं याहून मोठं सर्टिफिकेट नको. त्यांनी म्हाळूला भरतीत घेतला. बायकापोरांना नंतर ने म्हणाले.
मग मी उस्तादाच्या जागेचं काढलं. ती तर तू निघालास त्याच्या आधीच भरली होती, म्हणाले. मद्रासकडचा शिकलेला माणूस आहे.
म्हणजे माझ्यासाठी नवी जागा काढावी लागणार. सरकारी कामाला वेळ लागतो.

२९ मे. पहाट.
म्हाळू निघाला. माझ्या पाया पडला. मी त्याला बास्केटबॉलच्या चार मोलाच्या गोष्टी सांगणार होतो. त्याआधी तोच म्हणाला, "काळी मेंढी मागं ऱ्हाती. तिला उचलून घेत जा, हाका मारून येत न्हाई." मेंढरांचा निरोप मला कशाला, असं विचारायचं राहून गेलं. वळूनसुद्धा बघितलं नाही. उंच माणसं भराभर चालतात.

३० मे.
पाटलांनी बोलावलं. अभिनंदन करतील वाटलं. म्हणाले, "बद्री, म्हाळूचं साल तुला भरून काढावं लागंल."
नावामागचा राव गेला. मी म्हटलं, तो पलटणीत गेला, ही गावाची अब्रू आहे. म्हणाले, हाय की. म्हणून तर जाऊ दिला. मी म्हटलं, मी उस्ताद माणूस. म्हणाले, त्याला कोन न्हाई म्हनतंय? पण पेरणी तोंडावर हाय. मी म्हटलं, जबरदस्ती आहे का? ते हसले. त्यांचा राग कधी दिसत नाही. "मी कुठं जबरदस्ती केली? विडा तूच उचलला. चार मानसं व्हती."
अक्काचं घर पाटलांच्या जागेत आहे. हे ते बोलले नाहीत. मला ऐकू आलं.
ठराव: फक्त पेरणीपुरतं. साहेबांचा निरोप आला की निघायचं.

१२ जून. संध्याकाळ.
आज पाभर धरली. पेरणी वेळेत सुरू झाली, एवढा एक ठराव तडीस गेला. बैलं माझं ऐकत नाहीत, त्यांना म्हाळूचा आवाज लागतो. शेवटी सटवाने म्हाळूसारखी हाळी घालून दाखवली. तीच रानभर घालत राहिलो. दुपारपर्यंत बैलं चालायला लागली.
भाकरी खाताना सटवाने विचारलं, पुढल्या पाडव्याला ऱ्हाता का जाता? जातो, म्हटलं, अर्थात जातो. म्हाळूबी धा वर्सं हेच म्हनत व्हता, तो म्हणाला. मी म्हटलं, आणि गेलाच की शेवटी.
सटवाने पाणी प्यायलं, तांब्या माझ्याकडे सरकवला.
"गेला, कारन त्याच्या जागी तुमी घावले. तुमच्या जागी कोन घावंल, वस्ताद?"
थोडा वेळ गावातली माणसं डोळ्यांसमोर आणून बघितली. मग बैलं जुंपायची वेळ झाली.