सुमीनं परत केलेलं पाकीट

रविवार, संध्याकाळ

आज मंद्रूपच्या जत्रेतल्या शर्यतीत माझी धाकटी बहीण सुमी पहिली आली. सरपंचांनी बक्षिसाचं पाकीट पुढं केलं, तर ही म्हणते, "काका, फक्त एसटीचं भाडं द्या. खर्चापेक्षा जास्त घेतलं तर अमेरिकेतलं कॉलेज त्यांच्या टीमकडनं पळू देणार न्हाय. नियम हाय."

सरपंच तिला म्हणाले, "खुळी का काय गं? अमेरिकेतनं कोण बघाय येतंय हितं?"

"मी बघतीया की."

खोटं कशाला लिहू, घे म्हणून मीच तिला मागनं खुणावत होतो. पाकीट चांगलं जाड होतं. मी असतो तर? घेतलंच असतं. अजून नुसता अर्ज केलाय पोरीनं, तरी भाड्याची पावतीसुद्धा मागून घेतली.

सरपंच म्हणाले, "कुणाची रं ही?"

"माझी बहीण!" मी एवढ्या जोरात ओरडलो की माईकवाला दचकला.