सकाळचं दुखणं

१४ एप्रिल
पुन्हा मेंढीचं कातडं! ताजं, ऊन, वास मारणारं. सासूबाईंनी — साकिश आपांनी — कमरेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं नि बजावलं, "हाडं झिजलीत तुझी. हलायचं नाही." मागल्या खेपेला तीन आठवडे हलले नाही. खुबा आणखीच आखडलाय. सकाळी बूट चढवताना रडू येतं.

२ मे
नवरा, मेदेर, म्हणाला, "बुरुल, यंदा तू आईपाशी थांब. जाइलूवर मी नेतो मेंढरं." प्रेमानंच म्हणाला, म्हणून जास्त लागलं. डोंगरावरचं ते उन्हाळी कुरण, तंबूच्या छतातून दिसणारं आभाळ... माझ्या तोरू घोडीवर धाकटी जाऊ बसणार म्हणे. मी हूं म्हटलं. जावंसं वाटतं. फार फार जावंसं वाटतं!

९ मे
तोरू सुटली होती. घरात कुणी नव्हतं. धरली — आणि चढले! नदीपर्यंत संथ गेले, आले. उतरले तर खुबा मोकळा! असं कसं?

झग्यावरचे घोडीचे केस आपांना दिसलेच. "चालायला लंगडी नि घोडीवर तगडी! मीही कंबर धरून जाइलू सोडलं, कायमचं. मेले का?"

१० मे
मुकाट पडून. दुपारपर्यंत खुबा पुन्हा लाकूड.

२३ मे
नारिन शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रक्त तपासलं, फोटो काढला, आणि आजवर कुणीच न विचारलेलं विचारलं — "जास्त कधी दुखतं? सकाळी उठताना, की संध्याकाळी दमल्यावर?"

"सकाळी. कामाला लागले की सैल होतं."

"मग ही झीज नाही. सांध्याच्या आत सूज आहे. पडून राहिलात की आखडणारच. औषध मात्र चुकवू नका, नाहीतर सूजच सांधा खाईल. हिंडा-फिरा."

"घोडीवर?"

"संथ. दौड नको."

 येताना गाडीत मेदेरनं माझं बोचकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. आपांना सगळं सांगितलं. "डॉक्टरांना काय कळतंय!" म्हणाल्या नि चहा ठेवायला गेल्या.

४ जून
उद्या निघायचं. मीही! तोरूचं खोगीर पुसून ठेवलं.

पीठ मळता मळता आपा थांबल्या. पाठ माझ्याकडेच. "त्या बाईनं काय विचारलं होतं तुला? सकाळी की संध्याकाळी?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पिठाचा गोळा उलटला, पुन्हा दाबला.

"मला सकाळीच दुखतं गं," म्हणाल्या. "बावीस उन्हाळे झाले."